आपल्या जिल्ह्याचा विसरलेला इतिहास

मुलांनो, एकदा मी वर्गात प्रश्न विचारला, “आपल्या जिल्ह्यात पाहण्यासारखे जुने काय आहे?” वर्ग शांत झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, जुने पाहायचे असेल तर नागपूरला जावे लागते.” सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. कारण त्या मुलाची काही चूक नव्हती. आपण मोठी माणसेही असेच बोलतो.

भंडारा नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. एस. टी. ने दीड-दोन तासांत आपण तेथे पोहोचतो. दवाखाना, कॉलेज, लग्नाची खरेदी, सगळ्यासाठी आपल्याला नागपूर आठवते. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी होती. आज ती महाराष्ट्राची उपराजधानी आहे. मोठ्या शहराचा प्रकाश डोळ्यांत भरतो आणि जवळचे दिसेनासे होते. उर्दूत आपण म्हणतो, ‘चिराग तले अंधेरा’. मराठीतही अगदी तशीच म्हण आहे, ‘दिव्याखाली अंधार’. आज आपण या अंधारात थोडे पाहू या.

प्रथम आपल्या गावाच्या नावाकडे पाहू. छत्तीसगडमध्ये रतनपूर नावाचे गाव आहे. तेथे कलचुरी घराण्याचा राजा जाजल्लदेव याचा एक शिलालेख सापडला. शिलालेख म्हणजे दगडावर कोरलेले लिखाण. हा लेख इ. स. १११४ चा आहे. त्यात आसपासच्या प्रदेशांची काही नावे आहेत. त्यांपैकी एक नाव आहे ‘भाणार’. हा भाणार म्हणजेच आपला भंडारा, असे अभ्यासक मानतात. याचा अर्थ असा, की नऊशे वर्षांपूर्वी दूरच्या राजाच्या दरबारातही आपल्या प्रदेशाचे नाव ठाऊक होते.

आता वैनगंगेच्या काठाने दक्षिणेकडे जाऊ या. तेथे पवनी हे गाव लागते. पवनीला तीन बाजूंनी मातीचा उंच तट आणि त्याबाहेर खंदक आहे. चौथ्या बाजूला वैनगंगा नदी आहे. ‘खंदक’ हा शब्द तुम्हांला शिकवण्याची गरज नाही. तो उर्दूत आहे तसाच मराठीत आला आहे. ‘किल्ला’ हा शब्दही तसाच.

पवनीजवळ जगन्नाथ टेकडी नावाची एक टेकडी आहे. गावातील लोक पिढ्यान् पिढ्या या टेकडीजवळून जात होते. गुरे तेथे चरत होती. १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून तेथे उत्खनन केले. उत्खनन म्हणजे जुन्या वस्तू शोधण्यासाठी काळजीपूर्वक केलेले खोदकाम. तेव्हा कळले, की ती साधी टेकडी नव्हे. तिच्या पोटात बौद्ध स्तूप होता. तो दोन हजार वर्षांहूनही जुना, मौर्य आणि शुंग राजांच्या काळातला आहे.

स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब सापडले. त्यांवर ब्राह्मी लिपीत छोटे छोटे लेख आहेत. हे लेख राजांनी लिहिलेले नाहीत. ज्यांनी स्तूपासाठी दान दिले, त्या लोकांची नावे त्यांत आहेत. त्यांत स्त्रियांचीही नावे आहेत. एका खांबावर पाच फण्यांचा नाग कोरला आहे. त्याचे नाव मुचलिंद. बुद्ध ध्यानाला बसले असता मोठा पाऊस आला, तेव्हा या नागाने त्यांच्यावर आपला फणा धरला, अशी कथा आहे. त्या काळी बुद्धाची मूर्ती करत नसत. फक्त खुणांनी त्यांची आठवण ठेवत.

आता एक लहानसा हिशेब करा. नागपूर शहर १७०२ साली वसले. म्हणजे त्याला सुमारे सव्वातीनशे वर्षे झाली. पवनीत त्याआधी दोन हजार वर्षांच्या सुमारास लोक दान देऊन दगड कोरून घेत होते. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हा हिशेब फळ्यावर करून दाखवला. तो म्हणाला, “मग सर, जुने गाव तर आपलेच झाले!”

नागपूर वसवणारा राजा कोण होता, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्याचे नाव बख्तबुलंद शाह. तो देवगडचा गोंड राजा होता. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला होता. त्याचा एक सुभेदार होता राजा खान पठाण. येथे ‘राजा’ हे त्याचे नाव आहे, पदवी नव्हे. तुमसरच्या उत्तरेला सातपुड्याच्या एका डोंगरावर अंबागड नावाचा किल्ला आहे. तो या राजा खानाने इ. स. १७०० च्या सुमारास बांधला, असे मानतात. पुढे नागपूरला भोसल्यांचे राज्य आले. तेव्हा या किल्ल्याचा उपयोग कैदी ठेवण्यासाठी होऊ लागला. आज तेथे तट, बुरूज आणि पाण्याची टाकी दिसतात. तेथे जाणारी काही मुले मात्र भिंतींवर कोळशाने आपली नावे लिहून येतात! पवनीच्या खांबांवरील नावे आणि ही नावे यांत काय फरक आहे, याचा विचार तुम्हीच करा.

येथवर दगडांचा इतिहास झाला. आता मातीचा आणि पाण्याचा इतिहास पाहू. तो तर तुम्ही रोज पाहता.

आपल्या जिल्ह्याला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात. उर्दूतला ‘तालाब’ तोच मराठीतला ‘तलाव’. लहान तलावाला आपल्याकडे बोडी म्हणतात. हे तलाव निसर्गाने केलेले नाहीत. माणसांनी मातीची पाळ घालून ते बांधले. या कामात कोहळी समाज फार तरबेज होता. चांद्याच्या गोंड राजाने काशीच्या यात्रेहून येताना या लोकांना बरोबर आणले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणजे लोकांच्या तोंडी चालत आलेली गोष्ट. जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्यावर भिजणारी जमीन द्यावी, अशी गोंड राजांची रीत होती, असेही सांगतात. साकोली तालुक्यातील शिवनीबांध आणि आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध हे असेच मोठे तलाव आहेत. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधी नवेगावबांधही आपल्याच जिल्ह्यात होता.

या तलावांची रचना साधी, पण हुशारीची आहे. उताराच्या जमिनीवर पाळ घालतात. पाणी अडते. शेताला पाणी सोडण्यासाठी पाळीत जे दार ठेवतात, त्याला तुडूम म्हणतात. तलाव भरून जास्त झालेले पाणी ज्या वाटेने बाहेर पडते, तिला सलंग म्हणतात. वरच्या तलावाचे जास्तीचे पाणी खालच्या तलावात जाते, तेथून त्याच्याही खाली. त्यामुळे पाऊस एकदम कोसळला तरी पाणी वाया जात नाही आणि मधेच दडी मारली तरी धान वाळत नाही. हे बांधणाऱ्यांनी कॉलेजात शिक्षण घेतले नव्हते. जमिनीचा उतार त्यांना पायांनी कळत होता.

इंग्रजांच्या काळात गावांचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचे काम मालगुजाराकडे होते. गावचे तलावही त्याच्या ताब्यात असत. ‘मालगुजार’ हा शब्द फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी बंद झाली आणि १९५१ साली तलाव सरकारच्या ताब्यात गेले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. हे नाव लांबलचक आहे, म्हणून दोन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन लोकांनी नवे नाव केले, ‘मामा तलाव’! तुम्ही घरी ज्याला मामू म्हणता, त्या मामाशी याचा काही संबंध नाही.

मालगुजारी गेली हे बरेच झाले. त्या काळात गरिबांवर अन्याय होत असे. तलाव मालगुजाराच्या नावाने ओळखला जाई, पण डोक्यावरून मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायामाणसांचे नाव कोठेही लिहिलेले नाही. पण मालगुजारी जाताना एक गोष्ट हातून निसटली. पूर्वी दर उन्हाळ्यात गाव एकत्र येऊन पाळीवर माती घालत असे आणि तलावाचा गाळ काढत असे. नंतर लोक म्हणू लागले, “तलाव सरकारचा आहे, सरकार पाहील.” सरकारकडे हजारो तलाव. गाळ साचत गेला. तळात बेशरमाची झुडपे वाढली. कोठे तलावाच्या जागेत शेती झाली. पाणी कमी झाले, तसे धानही घटले आणि मासे धरून पोट भरणाऱ्या ढीवर बांधवांची मिळकतही घटली.

अलीकडे काही गावांत चांगली सुरुवात झाली आहे. ढीवर समाजाच्या सहकारी संस्था आणि गावकरी यांनी मिळून बेशरम उपटले, माशांना उपयोगी पडणाऱ्या पाणवनस्पती लावल्या. जुने जाणते लोक त्यांना सांगत होते, कोणती वनस्पती कोठे असे, कोणता मासा कोठे अंडी घाली. म्हणजे जुनी माहिती येथे नुसती ऐकण्यापुरती राहिली नाही. तिच्यामुळे तलावात पुन्हा मासे आले.

मुलांनो, आता लक्षात आले असेल, की आपल्या जिल्ह्याचा इतिहास कोणा एकाचा नाही. त्यात बौद्ध उपासक आहेत, गोंड राजे आहेत, पठाण सुभेदार आहे, कोहळी आहेत, ढीवर आहेत. हे सारे या एकाच वैनगंगेचे पाणी प्याले. आपणही तेच पितो. म्हणून हा इतिहास आपलाही आहे आणि तो जपण्याची जबाबदारीही आपली आहे.

पवनीच्या टेकडीला बोलते करायला तज्ज्ञ यावे लागले. तुमच्या गावच्या तलावाला बोलते करायला तुम्हीच पुरे आहात. येत्या सुटीच्या दिवशी घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या वृद्ध माणसाजवळ बसा. त्यांना विचारा, “दादाजान, आपला तलाव कोणी बांधला? त्याची सलंग कोठे आहे? पूर्वी त्यात कोणते मासे मिळत?” जे ऐकाल ते वहीत लिहून ठेवा. उशीर करू नका. टेकडी दोन हजार वर्षे थांबली. माणूस तेवढा थांबत नाही.