केळापूरहून माहूरगड : एका जुन्या वाटेचा मागोवा

केळापूर हे तालुक्यास आपले नाव देणारे गाव, जरी तालुक्याची कचेरी शेजारच्या पांढरकवड्यास असली तरी. या गावास स्वतःची जगदंबा आहे आणि नवरात्रात तिच्या दर्शनास दूरदूरची माणसे येतात. तथापि घरात मंगलकार्य पार पडले, नवी सून उंबरठा ओलांडून आली, अथवा बोललेला नवस फेडण्याची वेळ आली, म्हणजे येथील कुटुंबे जी वाट धरतात ती घाटंजी, आर्णी आणि धनोडा या मार्गाने पैनगंगेपलीकडील माहूरगडावर जाते. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेच्या त्या डोंगराशी या मुलखाचे नाते राज्यकर्त्यांनी आखलेल्या प्रत्येक सीमेहून जुने आहे.

पंधराव्या शतकात बहामनी वजीर महमूद गवान याने राज्याच्या चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ विभाग केले, तेव्हा वऱ्हाडाच्या वाटणीतून गाविल व माहूर असे दोन विभाग निर्माण झाले. पुढे अबुल फज़लाने ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची नोंद केली, तिच्यातही माहूरचे नाव आहे. माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई, जिला मोगल दरबाराने ‘रायबागन’ हा किताब दिला, ती 1661 साली उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेबरोबर होती, आणि शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडलेल्या खानास तिनेच शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला दिला, असे इतिहास सांगतो.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांची ही एकसंधता 1853 च्या तहाने खंडित झाली. हैदराबादच्या निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, पैनगंगा सरहद्द ठरली, आणि नदीच्या या तीरावरील केळापूर इंग्रजी अंमलात तर त्या तीरावरील माहूर निजामाच्या अंमलात राहिले. इंग्रजी कलदार रुपया कमरेस बांधून बैलगाडीने निघालेल्या यात्रेकरूस पलीकडे निजामाच्या हाली सिक्क्याचा व्यवहार भेटे, मालावर करोडगिरीची जकात पडे, आणि पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहू लागली म्हणजे उतार मिळेपर्यंत तीरावर खोळंबून राहणे भाग पडे. तरीही यात्रा थांबली नाही, कारण राजसत्तेने आखलेली रेषा श्रद्धेने कधी मान्य केली नव्हती; दप्तरात दोन मुलूख झाले, पण देव्हाऱ्यातील कुलदेवता एकच राहिली.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेला किनवट तालुका माहूरसह नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, त्याच वेळी दोन्ही तीर द्विभाषिक मुंबई राज्याच्या एकाच छत्राखाली आले, आणि 1 मे 1960 रोजी ते महाराष्ट्राचा भाग झाले. माहूरपाशी पैनगंगा आज केवळ दोन जिल्ह्यांची सीमा आहे; पूल आणि पक्की सडक झाल्यापासून, पूर्वी शिधा बांधून आणि मुक्काम ठरवून करावी लागणारी यात्रा एका दिवसात आटोपते.

पहाटे निघालेल्या कुटुंबास सकाळीच गडाच्या पायऱ्या गाठता येतात. शेंदूरचर्चित भव्य मुखमूर्तीसमोर हात जोडून आणि कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद म्हणून घेऊन बाहेर यावे, तो सागाच्या अरण्याने आच्छादिलेल्या डोंगररांगा, त्यांच्या पायथ्याशी वळण घेत वाहणारी पैनगंगा, आणि समोर दत्तशिखर व अनसूयेचे शिखर अशी सृष्टी एकाच वेळी दृष्टीस पडते. दत्तात्रेयांचे हे स्थान महानुभावांनाही पूज्य आहे, आणि दासोपंतांनी तपश्चर्या केली ती याच परिसरात. इतक्या भिन्न उपासना एकाच गिरिशिरावर परस्परांना बाधा न आणता नांदत आल्या, हे माहूरचे माहात्म्य मला कोणत्याही चमत्कारकथेहून श्रेष्ठ वाटते.

मात्र प्रवासाची सुलभता जशी वाढली तशी यात्रेची कक्षा आकुंचित झाली, हे खेदाने नमूद करावे लागते. पूर्वीचा यात्रेकरू मुक्कामास राहत असल्यामुळे त्याचे पाय सहजच शेजारच्या रामगड किल्ल्याच्या तटाकडे वळत. आजचा यात्रेकरू तीन शिखरांचे दर्शन घेऊन, दुपारचे जेवण उरकून, दिवेलागणीपूर्वी घर गाठण्याच्या घाईत असतो. शेजारच्याच डोंगरसोंडांवर पसरलेला रामगड, त्याचा हत्ती दरवाजा, चिनी महालाचे अवशेष आणि सोंडांमधील जुना तलाव यांच्याकडे बहुसंख्य लोक पाठ फिरवूनच उतरतात. ज्या तटाने बहामनी, निजामशाही आणि मोगल अशा राजवटींचे उदयास्त पाहिले, तो झुडपांनी वेढला जावा आणि केळापूरच्या शाळेतील मुलास त्याचे नावही ठाऊक नसावे, ही गोष्ट आपल्या प्रदेशास भूषणावह नाही.

म्हणून या भागातील पालकांस आणि शिक्षकांस माझी आग्रहाची विनंती आहे, की माहूरची सहल योजताना परतीची घाई न करता दुपारचे दोन प्रहर रामगडासाठी राखून ठेवावेत, मुलांस हत्ती दरवाजापाशी नेऊन रायबागनची कथा सांगावी, तटावरून पैनगंगेचा पट दाखवून हीच नदी एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती हे समजावून द्यावे, आणि तेथील दगडावर आपले नाव कोरण्याच्या दुष्ट सवयीपासून त्यांना कटाक्षाने परावृत्त करावे.