इंग्रजीच्या तासाचा गलका

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. तेव्हापासून हा तास घेणाऱ्या शिक्षकांपुढे एक पेच आहे. गणिताच्या तासाला मुलं गप्प बसून उदाहरणं सोडवू शकतात. भाषा मात्र बोलल्याशिवाय येत नाही. चाळीस मुलांना जोड्या करून संवाद म्हणायला सांगितला, की वीस जण एकाच वेळी बोलणार. मग शेजारच्या वर्गातून तक्रार येते, आणि बाई ‘फळ्यावरचं उतरवून घ्या’ म्हणतात. वर्ग शांत होतो, पण इंग्रजी बोलणंही तिथंच थांबतं.

गलक्याचं पहिलं कारण खोलीतच असतं. फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती, वर पत्रा. आवाज शोषून घेईल असं तिथं काहीच नाही. वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली सुचवलं. साधं बोलणंच सुमारे ६० डेसिबलचं असतं. मातृभाषेतला एखादा शब्द ऐकू आला नाही तरी मूल संदर्भावरून तो ओळखतं, नव्या भाषेत तसा आधार नसतो. मागच्या बाकावरचा मुलगा सूचना न कळल्यामुळे शेजाऱ्याला विचारतो आणि ‘बडबड करणारे’ या यादीत मॉनिटर त्याचं नाव लिहितो.

अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही, कारण आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ साली हे दाखवून दिलं. बाईंनी आवाज चढवला की मुलंही चढवतात. म्हणून आवाज न चढवता देता येणारी खूण लागते: बाईंनी हात वर केला की ज्याला दिसेल त्यानं बोलणं थांबवून हात वर करायचा, किंवा बाईंनी टाळ्यांचा एक ठेका दिला की वर्गानं तोच परत द्यायचा. ही खूण वर्षाच्या सुरुवातीलाच, पाठाइतक्याच गांभीर्यानं सरावून घ्यावी लागते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण करून शिक्षक शिस्त कशी राखतात ते तपासलं. त्यांचं पुस्तक १९७० साली आलं. दटावण्याच्या पद्धतीवरून चांगला शिक्षक ओळखताच येईना. फरक होता तो गडबड होण्याआधीच्या कामात: सगळ्या वर्गावर नजर असणं, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना खंड न पडणं. वह्या वाटण्यात पाच मिनिटं गेली, तर त्या पाच मिनिटांत मुलांनी करायचं काय?

भाषेच्या तासाला हे फार लागू पडतं. ‘जोडीत बोला’ एवढीच सूचना मोघम ठरते. कोण विचारणार, कोण उत्तर देणार, किती वेळ, आणि शेवटी काय सांगायचं हे आधी ठरलेलं हवं. एका जोडीला उभं करून सगळ्यांसमोर नमुना करून घेतला की निम्म्या शंका मिटतात. बाजारातल्या संवादात एकाकडे भाज्यांचे भाव आणि दुसऱ्याकडे खरेदीची यादी दिली, तर त्यांना एकमेकांचं ऐकावंच लागतं.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हेही शिस्तीचंच काम आहे. वर्गातल्या प्रश्नोत्तरांच्या अभ्यासक मेरी बड रो यांना आढळलं, की शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली आणि दटावण्याचे प्रसंगही कमी झाले. मनात इंग्रजी वाक्य जुळवणाऱ्या मुलाला तर हा अवधी हवाच.

एवढं करूनही गडबड झाली, तरी शिक्षेचा मार्ग बंद आहे: बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. ‘तुला काही येत नाही’ असं चारचौघांत ऐकवणंही त्यामुळे कायद्यात बसत नाही. मुलाच्या बाकाशी जाऊन हळू आवाजात बोलणं, त्याची जागा बदलणं, त्याच्याकडे वेळ बघण्याचं काम सोपवणं, हे उपाय शिक्षकाच्या हातात उरतात, आणि ते पुष्कळ आहेत.

मोठ्या वर्गांची अडचण मात्र एकट्या शिक्षकानं सोसू नये. ढाक्यात शिक्षक घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९६० साली दाटीवाटीच्या बाकांवरच्या तीसहून अधिक मुलांना इंग्रजी शिकवण्यावर पुस्तक लिहिलं; ती दाटी अजून ओळखीची आहे. बोलण्याचा तास शेजारच्या वर्गाच्या परीक्षेवर येणार नाही असं वेळापत्रक, पावसाळा नसेल तेव्हा व्हरांडा किंवा झाडाखालची जागा, भिंतींवर कापडी तक्ते, एवढं मुख्याध्यापकांना करता येतं. फेरी मारताना त्यांनी दाराशी मिनिटभर थांबून मुलं कोणत्या भाषेत आणि कशाबद्दल बोलताहेत तेही ऐकावं. गलका भाजीच्या भावांचा असेल, तर बाईंना जाब विचारण्याचं कारण नाही.