रेशमाची अळी कात टाकते तेव्हा

मराठीत 'कात टाकणे' हा वाक्प्रचार आपण फार सैलपणे वापरतो. अमुक शहराने कात टाकली, तमुक संस्थेने कात टाकली, असे सहज लिहून जातो आणि त्यातून नवेपणा, टवटवी एवढेच आपल्याला सुचवायचे असते. परंतु ज्या जिवांना खरोखरीच कात टाकावी लागते, त्यांच्या दृष्टीने तो उत्साहाचा प्रसंग नसून आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ असतो. ओढ्याकाठचा खेकडा जुने कवच टाकतो तेव्हा काही काळ त्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते आणि तो बिळाबाहेर पडत नाही. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे जे खेकडे जमिनीवर राहतात, ते तर कात टाकण्यासाठी स्वतःला ओल्या वाळूत गाडून घेतात. हौसेने असे खेकडे पाळणारी माणसे आपला खेकडा मेला असे समजून वाळू उकरतात आणि जिवंत खेकडा खरोखरच मरतो. पाळणाऱ्याची माया अशी कधीकधी प्राणघातक ठरते.

आपल्या नांदेड-लातूरकडे समुद्र नाही, शंखातले खेकडे नाहीत. परंतु कात टाकणारा एक जीव हजारोंच्या संख्येने आपल्या शेतांतील शेडमध्ये वाढतो आहे, तो म्हणजे रेशमाची अळी. लोहा आणि अहमदपूर ह्यांच्या मधल्या पट्ट्यात आमचे गाव आहे व आमच्या घरी काही वर्षांपासून तुतीची लागवड आहे. वर्गातील मित्र 'किडे कसले पाळता?' असे हसून विचारतात, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेलच. ज्या भागात पिण्याच्या पाण्याची ही अवस्था, तेथे केवळ उसावर भरवसा ठेवणे कठीण. तुतीला उसापेक्षा बरेच कमी पाणी लागते व एकदा लावलेली बाग अनेक वर्षे टिकते. रोजगार हमीतून लागवडीला व शेडला साहाय्य मिळू लागले. पूर्वी कोष विकण्यासाठी थेट कर्नाटकातील रामनगरला जावे लागे; २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यावर तो प्रवास पुष्कळच कमी झाला. अशा रीतीने हा धंदा मराठवाड्यात रुजला.

रेशमाची अळी अंड्यातून निघते तेव्हा जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची, काळसर, मुंगीएवढी असते. पुढील सुमारे पंचवीस दिवसांत तिचे वजन जवळजवळ दहा हजार पटींनी वाढते. परंतु तिची कातडी मात्र वाढत नाही. म्हणून ती ह्या काळात चार वेळा कात टाकते, आणि त्यामुळे तिच्या आयुष्याचे पाच भाग पडतात. त्यांना आपण 'अवस्था' म्हणतो. पहिल्या दोन अवस्थांतील अळ्यांना 'चॉकी' म्हणतात. त्यांना २७ ते २८ अंश उष्णता आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. शेतकऱ्याला घरी एवढे सांभाळणे अवघड, म्हणून बहुतेक जण दुसरी कात टाकलेल्या अळ्या चॉकी केंद्रातून विकत आणतात. एका अंडीपुंजात चारशे ते पाचशे अंडी असतात. शंभर अंडीपुंजांची बॅच घेतली तर चाळीस-पन्नास हजार जीव एकाच दिवशी घरात येतात!

ह्या नव्या पाहुण्यांचा पहिला दिवस फार महत्त्वाचा. प्रवासात उष्णता, हादरे आणि कोंदट हवा ह्यांचा त्यांना त्रास झालेला असतो. म्हणून त्यांना पहाटे किंवा संध्याकाळी, ऊन नसताना आणावे. शेड आठवडाभर आधी ब्लिचिंग पावडर व चुन्याच्या निवळीने निर्जंतुक केलेले असावे. आल्याबरोबर अळ्या पिशवीत तुंबवून न ठेवता रॅकवर हलक्या हाताने पातळ पसराव्यात, त्यांवर निर्जंतुक पावडर धुरळावी आणि अर्ध्या तासाने ताजा, कोवळा, कोरडा पाला द्यावा. हाताने उचलून पाहणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवणे, अगरबत्ती लावून पूजा करणे, हे सर्व टाळावे. शेडच्या दाराशी चुना टाकलेला असतो. त्यात पाय टेकवूनच आत जायचे आणि हात धुऊनच पाल्याला लावायचा, हा आमच्या घरचा नियम पाहुण्यांनाही चुकत नाही.

आता मुख्य विषय. तीन-चार दिवस अधाशासारख्या खाणाऱ्या अळ्या एकाएकी खाणे कमी करतात. त्यांची कातडी ताणून चकचकीत व किंचित पिवळसर दिसू लागते, डोके शरीराच्या मानाने फारच लहान वाटते. मग अळी तोंडातून थोडे रेशीम काढून आपले मागचे पाय बेडला चिकटवून घेते, शरीराचा पुढचा भाग उचलते आणि नागाने फणा काढावा तशी निश्चल बसते. आमच्याकडे ह्याला 'अळ्या मोल्टला बसल्या' असे म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही झोप वाटते, परंतु आत मोठी घडामोड चाललेली असते. जुन्या कातडीखाली नवी, अधिक ऐसपैस कातडी तयार होते. जुन्या डोक्याच्या मागे नवे, मोठे डोके आकार घेते. श्वासनलिकांचे आणि अन्ननलिकेच्या पुढच्या भागाचे अस्तरसुद्धा बदलते. शेवटी डोक्यामागे कातडी फाटते, जुन्या डोक्याची टोपी गळून पडते आणि अळी पुढे सरकत सरकत जुन्या अंगातून बाहेर येते. मागचे पाय घट्ट चिकटलेले असतात म्हणूनच कात मागे राहते. ह्या वेळी कोणी अळी हलवली आणि तिची पकड सुटली, तर कात अंगावरच अडकते व ती अळी बहुधा दगावते.

हा बदल घडवून आणणारे एक संप्रेरक शरीरातच तयार होते. १९५४ साली बुटेनांट आणि कार्लसन ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि तेही रेशमाच्याच कोशांतून. पाचशे किलो कोशितांतून त्यांना अवघे पंचवीस मिलिग्रॅम द्रव्य मिळाले! पुढे त्याच कुळातील संप्रेरक खेकड्यातही असल्याचे दिसून आले. समुद्रकाठचा खेकडा आणि आमच्या शेडमधील अळी ह्यांचे नाते असे आतून आहे.

मोल्टच्या काळात पालकाने करावयाचे काम म्हणजे मुख्यतः काही न करणे. साधारण शंभरातील पंचाण्णव अळ्या बसल्या की पाला बंद करायचा, बेड पातळ करून कोरडा ठेवायचा, त्यावर चुन्याची भुकटी पसरायची, हवा खेळती ठेवायची. पण वाऱ्याचा झोत अंगावर येऊ द्यायचा नाही. चुन्यामुळे उरलासुरला पाला वाळतो, आणि ज्या अळ्या लवकर उठतात त्यांना एकटीनेच खायला सुरुवात करता येत नाही. सुरुवातीच्या काता वीस-चोवीस तासांत उरकतात. चौथीला मात्र दीड दिवस किंवा अधिकही लागतो. पुन्हा पंचाण्णव टक्के अळ्या उठल्या, त्यांची मोठी, फिकट डोकी आणि सैल, सुरकुतलेली अंगे दिसू लागली, की मगच पाला घालायचा. घाई केली तर उठलेल्या अळ्या पुढे निघून जातात, बसलेल्या पाल्याखाली गाडल्या जातात, आणि एकाच बॅचमध्ये लहानमोठ्या अळ्यांची खिचडी होते. ती शेवटपर्यंत निस्तरत नाही.

हे ऐकायला सोपे आहे, पण घरात आजी असेल तर करायला अवघड! पहिल्या बॅचच्या वेळी आमच्या आजीला हा दीड दिवसाचा उपास मुळीच पटेना. 'पोटाला न देता लेकरं जगतील कशी रं?' असे म्हणून ती पाल्याची पाटी घेऊन दाराशी उभी राहिली. वडिलांनी तिला एक अळी दाखवली. ती खात नव्हती. जुन्या तोंडाने तिला खाताही येत नव्हते आणि नवे तोंड अजून कठीण झाले नव्हते. आजी बराच वेळ पाहत राहिली. शेवटी म्हणाली, 'बाळंतीणच हाय की ही. इला गडबड नको.' त्या दिवसापासून मोल्ट सुरू झाला की शेडमध्ये कोणी मोठ्याने बोलले तर आजीच रागे भरते.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. अळीने खाणे थांबवले ह्याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, ती कात टाकणार आहे. दोन, ती आजारी आहे. तीन, पाचव्या अवस्थेच्या शेवटी ती पक्व झाली आहे व कोष विणणार आहे. ह्यांतला फरक ओळखणे हीच ह्या धंद्यातील खरी विद्या होय. मोल्टला बसणारी अळी स्थिर असते. ग्रासरी रोग झालेली अळी बसतच नाही. ती बेडच्या कडेकडेने अस्वस्थ फिरते, तिची पेरे सुजतात आणि कातडी फाटून दुधासारखा द्रव बाहेर येतो. तो द्रव इतरांना रोग देतो, म्हणून अशा अळ्या चिमट्याने वेचून चुना व ब्लिचिंगच्या पाण्यात टाकाव्या लागतात. कोंबड्यांपुढे टाकू नयेत. पक्व अळी मात्र अंगाने पारदर्शक, पिवळसर होते आणि डोके वर करून आधार शोधू लागते. तिला वेळेवर चंद्रिकेवर चढवावे लागते.

रोगांविषयी बोलताना लुई पाश्चर ह्यांचे ऋण विसरता येणार नाही. १८६५ मध्ये फ्रान्समधील रेशीमधंदा पेब्रिन रोगाने बुडत असताना त्यांनी ह्या कामाला हात घातला. अंडी घातल्यानंतर मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी आणि ती रोगी निघाल्यास तिची अंडी नष्ट करावीत, ही त्यांची पद्धत आजही चालू आहे. आपल्याकडील 'रोगमुक्त अंडीपुंज' हा शब्द त्यांच्याच कामाचा वारसा आहे.

परंतु आमच्या भागात रोगापेक्षाही मोठी भीती आहे ती फवारणीची. रेशमाची अळी हीदेखील एक अळीच. सोयाबीनवरची अळी मारणारे औषध तिला कसे सोडील? एका वर्षी पाचव्या अवस्थेत, म्हणजे सर्व खर्च होऊन गेल्यावर, शेजारच्या रानात फवारणी झाली आणि वाऱ्याने औषध आमच्या तुतीवर आले. सकाळी घातलेला पाला खाऊन दुपारपर्यंत अळ्या हिरवे पाणी ओकू लागल्या. निम्मी बॅच गेली. शेजाऱ्याचा त्यात काही दुष्ट हेतू नव्हता. त्याचेही पीक अळीनेच खाल्ले जात होते. नंतर बैठकीत ठरले, की फवारणीच्या आदल्या दिवशी एकमेकांस निरोप द्यायचा. आम्हीही बांधालगतच्या दोन ओळींचा पाला आता अळ्यांना घालत नाही. निंबोळी अर्क निरुपद्रवी समजला जातो, पण तोही ह्या अळीला बाधतो, हे मुद्दाम नमूद करतो.

आमचे हवामानही तिला फारसे अनुकूल नाही. मोठ्या अळ्यांना २४-२५ अंश सोसतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. छपरावर पाचट, खिडक्यांना ओले गोणपाट, गरज पडल्यास कूलर, असे उपाय करावे लागतात. अनेक जण कडक उन्हाळ्यात बॅच घेतच नाहीत. थंडीत शेड उबदार करताना धूर होता कामा नये. पाचव्या अवस्थेचे सहा-सात दिवस तर रात्रंदिवस पाला तोडण्यात जातात, कारण एकूण पाल्यापैकी सुमारे ८५ टक्के पाला अळी ह्याच दिवसांत खाते. रात्री शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो.

शेवटी अळी दोन-तीन दिवसांत कोष विणते, त्यात हजार मीटरहून अधिक लांबीचा एकच अखंड धागा असतो. धागा अखंड राहावा म्हणून आतील कोशित उष्णतेने मारले जाते. हे सांगितले की मित्र गप्प होतात. आजीही बाजाराच्या दिवशी शेडकडे फिरकत नाही. ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. जे जीव आपण आपल्या पोटासाठी वाढवतो, त्यांना जितके दिवस आहेत तितके दिवस त्यांच्या कलाने जगू द्यावे, एवढे मात्र पालकाच्या हातात असते आणि तेवढे तरी त्याने पाळावे.

असो. अळ्यांनी मला शिकवले ते इतकेच, की वाढणारा जीव सदैव खात नाही, सदैव हालत नाही आणि सदैव उत्तरही देत नाही. तो मधूनच थबकतो. अशा वेळी त्याला ढोसावे की सोडून द्यावे, हे ओळखण्यासाठी आधी त्याच्याजवळ बसून नीट पाहावे लागते. परीक्षेच्या आधी घुम्या झालेल्या धाकट्या भावाला 'काय झाले?' म्हणून दहा वेळा विचारण्याऐवजी मी हल्ली त्याच्या शेजारी नुसता अभ्यासाला बसतो.