दंतचक्राचा दाता : बळ आणि वजन

गोरेगावच्या पूर्व भागात, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत ज्या जागेवर आज बॉम्बे एक्झिबिशन सेंटरची प्रदर्शने भरतात, तेथे पूर्वी न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनीचा कारखाना होता. ‘नेस्को’ हे तिचे संक्षिप्त नाव आता प्रदर्शनांमुळेच अधिक परिचित झाले आहे. परंतु याच कंपनीचा ‘इंडाब्रेटर’ हा विभाग धातूच्या पृष्ठभागावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करणारी यंत्रे बनवीत आला असून त्याचे काम आता गुजरातेतील करमसद येथे चालते. ओतीव वस्तूंना चिकटलेली वाळू व गंज काढणे हा या माऱ्याचा सर्वपरिचित उपयोग होय. त्याचा दुसरा उपयोग अधिक सूक्ष्म आहे : योग्य मापाने केलेल्या माऱ्याने पोलादाचे आयुष्य वाढते. दंतचक्राचे, म्हणजे कारखान्यातील बोलीत गिअरचे, दाते वजन न वाढविता बळकट कसे करावेत, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग या क्रियेत सापडतो.

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी गोरेगाव स्थानकावरून धावणाऱ्या लोकल गाडीचेच उदाहरण घेता येईल. मोटार डब्याखालील विद्युत् मोटारीच्या दांड्यावर एक लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, असते व ते आसावरील मोठ्या चक्रास फिरविते. चर्चगेट ते गोरेगाव हे अंतर सुमारे २७ किलोमीटर आहे. चाकाचा परीघ अदमासे ३ मीटर धरल्यास एका खेपेत आस ९,००० वेळा फिरतो. पिनियन साडेचार पट वेगाने फिरते असे मानल्यास त्याचा प्रत्येक दाता सुमारे ४०,५०० वेळा जुळणीत येतो. दिवसास दहा खेपा झाल्या तर आठवड्याभरात ही संख्या २८ लाखांवर जाते. यांपैकी काही फेरे भाराविना जातात हे खरे; परंतु गर्दीच्या वेळी दर चौरस मीटरमागे १४ ते १६ उभे प्रवासी वाहणाऱ्या गाडीला प्रत्येक स्थानकातून नव्याने वेग घ्यावा लागतो. विद्युत् ब्रेक लागताच दात्यावरील भाराची बाजूही उलटते. शिवाय मोठे चक्र थेट आसावर बसविलेले असल्याने त्याचे वजन स्प्रिंगांवर तोलले जात नाही. रुळावरील प्रत्येक उंचसखलपणाशी ते आघातरूपाने जाणवते. म्हणून ‘दाते जाड करावेत’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

दात्याच्या बळाचा व्यवहारोपयोगी हिशेब अमेरिकन अभियंता विल्फ्रेड लुईस याने १८९२ मध्ये मांडला. भिंतीत एक टोक रोवलेल्या तुळईप्रमाणे दाता हा चक्राच्या कडेत रोवलेला आहे, अशी त्याची कल्पना होती. तुळईच्या टोकाशी भार दिला की मुळाशी एका बाजूस ताण व दुसऱ्या बाजूस दाब निर्माण होतो. हे प्रतिबल मुळाच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मूळ दहा टक्क्यांनी जाड केल्यास, इतर मापे तीच ठेवून, प्रतिबल सुमारे १७ टक्क्यांनी उतरते. दात्याचा दाबकोन प्रचलित २० अंशांऐवजी २५ अंश घेतल्यास मूळ असेच रुंदावते; परंतु त्याबरोबर बेअरिंगवरील भार वाढतो आणि एकाच वेळी जुळणीत असणाऱ्या दात्यांची सरासरी संख्या घटते. याच्या उलट, उंच व सडपातळ दाते योजून एका वेळी किमान दोन जोड्या भार वाटून घेतील अशी रचनाही करतात. मात्र तेथे दात्यांचे माप अतिशय अचूक असावे लागते.

लुईसच्या हिशेबात एक उणीव होती. दाता जेथे चक्राच्या कडेस मिळतो तेथील कोपरा हा खाचेप्रमाणे वागतो आणि प्रतिबल तेथे एकवटते. हा कोपरा जितका मोठ्या त्रिज्येने वळविला जाईल तितके हे एकवटणे कमी होते. म्हणून उच्च कार्यक्षमतेच्या गिअरपेट्यांत दोन दात्यांमधील तळ सलग गोलाकार ठेवतात. यात धातू फारसा वाढत नाही, केवळ आकार बदलतो. बळ वाढविण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

तथापि, दाता एका आघाताने मोडण्याचे प्रसंग विरळ असतात. बहुतेक वेळा तो शिणवट्याने मोडतो. मुळाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तडा उपजतो, प्रत्येक फेऱ्यात ताणाने किंचित उघडतो व आत सरकतो; उरलेला छेद अपुरा पडला की दाता निखळतो. तडा वाढण्यासाठी ताण लागतो. पृष्ठभाग आधीच दाबाखाली असेल, तर बाहेरून आलेल्या ताणाचा मोठा भाग तो दाब नाहीसा करण्यातच खर्ची पडतो.

असा दाब दोन मार्गांनी निर्माण करता येतो. पहिला कार्बनीकरणाचा. सुमारे ०.२ टक्के कार्बन असलेल्या पोलादाचे दाते कापून त्यांच्या पृष्ठभागात कार्बनाचे प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आसपास नेतात व मग ते एकदम थंड करतात. बाहेरचा थर कठीण होताना प्रसरण पावू पाहतो. आतला चिवट गाभा त्यास आवरतो. परिणामी थर दाबाखाली राहतो. दुसरा मार्ग छऱ्यांच्या माऱ्याचा, म्हणजेच शॉट पीनिंगचा. प्रत्येक छरा पृष्ठभागावर सूक्ष्म खळगा पाडतो व तेथील धातू कायमचा पसरवितो. खालचा न पसरलेला धातू त्यास मागे ओढतो. अशा असंख्य खळग्यांनी मिळून मिलिमीटरच्या काही दशांश खोलीपर्यंत दाबाचे एक अखंड कवच तयार होते. चक्राचे वजन मात्र वाढत नाही.

या माऱ्याची तीव्रता डोळ्यांनी ठरत नाही. जनरल मोटर्समधील जे. ओ. आल्मेन याने त्यासाठी साधी युक्ती योजली. ठोकळ्यावर घट्ट बसविलेल्या पातळ पोलादी पट्टीवर एका बाजूने मारा करून ती सोडविली की ती त्या बाजूस फुगीर होते. या फुगवट्याची उंची म्हणजे तीव्रतेचे माप. मारा अपुरा पडला तर कवचात खंड राहतो. अतिरेक झाला, किंवा फुटलेले धारदार छरे वेळीच चाळून काढले नाहीत, तर पृष्ठभागावर उलट नव्या खाचा पडतात. नंतरची घासाईही जपूनच करावी लागते. दात्याची बाजू घासून अचूक करावी लागते. परंतु सहाणेचे चाक मुळापर्यंत पोचले तर दाबाचा थर निघून जातो व तेथे पायरी पडते. घासताना पोलाद तापले तर दाबाच्या जागी ताण येतो. हा दोष नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. सौम्य नायट्रिक आम्लाने पुसल्यावर तो काळसर डागाच्या रूपाने उघड होतो.

आता वजनाचा हिशेब पाहू जाता, मुळाने सोसावयाचे प्रतिबल या उपायांनी दहा टक्क्यांनी वाढविता आले असे मानू. तेवढाच भार वाहण्यासाठी दात्याची रुंदी सुमारे नऊ टक्क्यांनी कमी करता येईल. पण रुंदी घटताच दात्यांच्या बाजूंमधील स्पर्शप्रतिबल वाढते. हाइन्रिख हर्ट्‌झ याच्या १८८१ मधील सिद्धान्तानुसार ही वाढ वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे पाच टक्के असते. तेवढ्याने बाजूंवर खड्डे पडू लागणार नाहीत याची खात्री पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाने व योग्य वंगणाने करून घ्यावी लागते. चक्राची तबकडी पातळ करणे व तिला भोके पाडणे यालाही मर्यादा आहे. दात्याखालील कडेची जाडी दात्याच्या उंचीच्या निदान १.२ पट असावी, असा प्रघात आहे. कडा त्याहून पातळ झाल्यास मुळाशी उपजलेला तडा दात्यातून आडवा न जाता कडेतून खाली उतरण्याचा संभव वाढतो. एक दाता निखळणे ही हानी होय. पण हेलिकॉप्टरच्या गिअरपेटीत सबंध चक्रच दुभंगणे म्हणजे त्यातील माणसांच्या प्राणांवर बेतणे होय.

यावरून असे दिसून येते की, दात्याचे बळ त्यातील एकूण धातूपेक्षा मुळाशी असलेल्या पातळ थरावर अधिक अवलंबून असते. तो थर दाबाखाली ठेवणे आणि त्यावर खाच पडू न देणे ही हलक्या चक्राची पहिली अट होय. ती पाळण्यात आराखडा काढणाऱ्याइतकाच कारागिराचाही वाटा आहे. फुटके छरे चाळून काढणारा, सहाण मुळापूर्वी थांबविणारा व आम्लाच्या डागाकडे दुर्लक्ष न करणारा कामगार हाही त्या दात्याच्या बळाचा एक भाग असतो.