हिमबिबट्या आणि फणसाडचा बिबट्या

हिमालयात सहसा ३००० मीटरच्या वर राहणारे हिमबिबटे भारतात ७१८ असावेत, असा २०२४ मध्ये जाहीर झालेला अंदाज आहे. रोहा-मुरूडकडच्या फणसाडचा बिबट्या मात्र कुत्र्या-कोंबड्यांवरही तगतो. मग त्याची काळजी कशाला, असं विचारलं जातं. पण आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत दोघेही ‘असुरक्षित’ याच गटात आहेत. फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. ‘गाण’ म्हणतात त्या पाणवठ्यांवर भेकर, रानडुक्कर येत राहिले, तरच बिबट्याला रानात पोट भरता येतं. गोठ्याकडे वळलेला बिबट्या हा त्याच्या चिवटपणाचा पुरावा खरा, रान धड असल्याचा नव्हे. हिमबिबट्याचंही तेच: भरल आणि आयबेक्स ही त्याची सावजं घटली की उरतात मेंढ्या, आणि मेंढपाळाचा राग.