कंसाचे मोल

बालाघाट जिल्ह्यातील लामता हे गाव धानाच्या मुलखातले. समजा, तेथील एका शेतकऱ्याने सकाळी २० आणि सायंकाळी १५ क्विंटल धान विकले. दर क्विंटलला २,००० रुपये. येणे ७०,००० रुपये. परंतु संगणकास ‘२० + १५ × २०००’ असे लिहून दिले, तर तो ३०,०२० हेच उत्तर देईल.

यात यंत्राची लबाडी नाही. गुणाकार-भागाकार आधी, बेरीज-वजाबाकी मागाहून, हा बीजगणिताचा संकेत होय. जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली सिद्ध केलेल्या फोरट्रान या संगणकभाषेने तो स्वीकारला आणि पुढील बहुतेक भाषांत तो रूढ झाला. गुणाकार व भागाकार यांचा दर्जा समान. ते डावीकडून होतात. म्हणून १०० ÷ ५ × २ याचे उत्तर ४०, १० नव्हे.

हा क्रम बदलण्याचा अधिकार कंसास आहे. ‘(२० + १५) × २०००’ असे लिहिताच शेतकऱ्याचे ७०,००० रुपये त्याच्या पदरी पडतात. उणे दोनाचा वर्ग कंसाविना लिहिला, तर पायथन भाषा उणे ४ देते आणि एक्सेल ४! यास्तव शंका तेथे कंस द्यावा. यंत्रास मनातला हेतू कळत नाही, लिहिले तेवढेच कळते.