ग्रीक मुलांचे पुराणपाठ

हस्तलिखितांचा संग्रह करणारे आपण पोथीची किंमत बहुधा तिच्या शुद्धतेवरून ठरवितों. अक्षर वळणदार, पाठ निर्दोष, शेवटीं शक व लेखकाचें नांव, एवढें जुळलें कीं ती रुमालांत जाते. मुलाच्या हातचें गिरविलेलें पान निघालें तर तें बाजूस पडतें. आम्हीहि हेंच करीत आलों. त्याची खंत वाटूं लागली ती ग्रीक शाळांच्या अवशेषांची हकीकत वाचनांत आल्यावर.

शिकंदराच्या स्वारीनंतर इजिप्तांत ग्रीक राज्य आलें व त्याबरोबर ग्रीक शाळाहि आल्या. तेथील कोरड्या वाळूंत पपायरसाचे तुकडे, लिहिलेल्या खापऱ्या व मेण चढविलेल्या लांकडी पाट्या टिकून राहिल्या. ग्रेनफेल व हंट या इंग्रज पंडितांनीं सन १८९६-९७ च्या हिंवाळ्यांत ऑक्सिरिंकस येथें जें खणावयास घेतलें ते त्या गांवचे उकिरडे होते! इजिप्तांतील शालेय लेखनाचे चारशेंहून अधिक नमुने राफाएला क्रिबिओरे या विदुषीनें सन १९९६ मध्यें एकत्र नोंदविले आहेत.

त्यांवरून असें दिसतें कीं, शाळेंत मुलास देवादिकांची ओळख प्रथम होई ती नांवांनीं. कथा मागाहून येत. गेरो व झूगे यांनीं सन १९३८ मध्यें प्रसिद्ध केलेलें इ. स. पू. ३ ऱ्या शतकांतील शालेय पुस्तक पाहावें. त्यांत बाराखडीसारखे अक्षरसमूह आहेत, अंक आहेत, देवांच्या व नद्यांच्या नांवांच्या याद्या आहेत. होमर व युरिपिडीझ यांचीं पद्यें त्यापुढें येतात. ज्यानें बाळपणीं अमरकोशाचा स्वर्गवर्ग घोकला आहे त्यास हा क्रम परका वाटावयाचा नाहीं. इंद्राचीं नांवें जिभेवर आधीं बसलीं, त्याचे पराक्रम (व फजित्याहि) पुढें कळले.

यानंतर प्रश्नोत्तरें. हेक्टराचा बाप कोण, आई कोण, भाऊ कोणते, असल्या पाठांतराची एपिक्टेटस या तत्त्ववेत्त्यानें थट्टा केली आहे. ती अतिशयोक्ति नव्हे. फ्लॉरेन्स येथील संग्रहांतून सन १९१२ मध्यें छापलेल्या एका पपायरसांत ट्रॉयच्या पक्षाचे देव कोणते, राजा कोण, सेनापति कोण, असे प्रश्न उत्तरांसह ओळीनें दिले आहेत.

येथवर सारें घोकंपट्टीचें काम. वरच्या वर्गांत मात्र कथेला निराळेंच वळण मिळे. इ. स. च्या ४ थ्या शतकांतील अफ्थोनियस यानें १४ लेखनाभ्यास सांगितले आहेत. त्यांत डाफ्नीची कथा एकदां असंभाव्य म्हणून खोडावयाची व पुन्हां संभाव्य म्हणून मांडावयाची; पूर्वपक्ष व सिद्धांत दोन्ही त्याच विद्यार्थ्याकडे! दुसऱ्या एका अभ्यासांत मुलानें नायोबी होऊन बोलावयाचें असतें. आपल्या बहुप्रसवतेच्या गर्वानें तिनें लेटो देवीस हिणविलें, म्हणून लेटोच्या दोन अपत्यांनीं, अपोलो व आर्टेमिस यांनीं, तिचीं मुलें मारलीं. तीं पुढें पडलीं असतां ती माता काय म्हणेल? बोलण्याचा क्रमहि ठरलेला: आधीं वर्तमान, मग भूत, मग भविष्य. आमच्या मतें पुराणकथा शिकविण्याची याहून सरस युक्ति क्वचितच कोणास सुचली असेल. आम्ही नोकरींत असतां चौथीच्या वर्गांत हीच कथा सांगून पाहिली. क्रम कोणी पाळला नाहीं, एका मुलीनें मात्र नायोबी होऊन देवीसच विचारलें, "गर्व मीं केला, मग मुलांना कां?" त्यावर आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत २ ऱ्या शतकांतील एक मेणपाटी आहे. गुरूनें वर दोन ओळी लिहून दिल्या आहेत व शिष्यानें त्या खालीं दोनदां उतरविल्या आहेत. उतरवितांना पहिलें अक्षर त्याच्या हातून गळलें. शिष्याचें नांव अज्ञात आहे. पण तो कसा शिकत होता हें त्या चुकीवरून अठराशें वर्षांनंतरहि कळतें.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका वाड्यांतील गांठोडें आम्हांकडे पाहावयास आलें होतें. त्यांतील दोन पोथ्या आम्हीं ठेवून घेतल्या व मोडी कित्त्यांचीं पानें रद्दी म्हणून परत केलीं. एका पानावर मारुतीच्या सूर्याकडे झेपावण्याची गोष्ट कोणा मुलानें मोठ्या, वांकड्या अक्षरांत लिहावयास घेऊन अर्ध्यावर सोडली होती. पुढें चौकशी केली तों वाडा पडला होता व पानें कोठें गेलीं हें कोणासच सांगतां येईना.